शेऱ्याचा रकाना

तिचं खरं नाव वस्तीत कुणालाच ठाऊक नव्हतं. "खिडकीबाई आल्या गं," अशी हाक एका जिन्यावरून दुसऱ्या जिन्यावर जायची आणि बायका हातातलं काम टाकून दारात येऊन उभ्या राहायच्या. आरोग्य खात्यानं 'मोकळा श्वास' नावाचं अभियान काढलं होतं. घरातल्या हवेविषयी लोकांना शहाणं करायचं, असा त्याचा हेतू. त्यासाठी कंत्राटावर अकरा सेविका घेतल्या होत्या, त्यांतली ही एक. चाळिशी उलटलेली, पायानं चपळ, आवाजानं खणखणीत. खांद्याला पिशवी, पिशवीत घडीचा तक्ता, पत्रकांचा गठ्ठा, फॉर्मांची वही. आणि फक्त मंगळवारी, हवेतला विषारी वायू मोजणारं, साबणाच्या वडीएवढं एक मीटर. मीटर दोनच होती, सेविका अकरा, म्हणून ते पाळीपाळीनं मिळायचं. बाकीचे दिवस ती हवा नाकानं मोजायची.

काम ठरलेलं होतं. तक्ता उलगडायचा आणि एकेका चित्रावर बोट ठेवून सांगत जायचं. स्वयंपाक करताना खिडकी उघडा. डासांची कॉइल बंद खोलीत लावू नका. भिंतीला ओल आली तर तशीच रंगवू नका. गॅसच्या गीझरवर आंघोळ करताना दार किलकिलं ठेवा. मग फॉर्म. घरात माणसं किती, खोल्या किती, खिडक्या किती. शेवटी एक ओळ छापलेली असायची: 'वरील माहिती मला मिळाली व समजली.' त्याखाली सही. महिन्याला सह्या किती झाल्या, एवढंच वरून विचारलं जायचं. सहीच्याही खाली बोटभर जागा होती आणि तिच्यावर लिहिलेलं होतं 'शेरा'. बहुतेक सेविका ती जागा कोरी सोडायच्या. ही भरायची. भरायची आणि घरी येऊन तेच स्वतःच्या वहीत उतरवून ठेवायची. का, ते तिला सांगता आलं नसतं. सवय होती.

लोक थट्टा करायचे, तिला ती आवडायची. एक म्हातारा दर वेळी म्हणायचा, "खिडकी उघडली की शेजाऱ्याचं भांडण आत येतं, त्याचं काय करू?"

"भांडणानं खोकला होत नाही, आजोबा."

"तुम्ही आमचे शेजारी पाहिले नाहीत!"

घरीही तेच. संध्याकाळी ती दमून परतली की सासू खोली बंद करून कॉइल पेटवून बसलेली असायची. ही खिडकी उघडायला गेली की सासू म्हणायची, "जगाच्या खिडक्या उघडून आलीस ना? आता आपली एक लाव. डास येतात."

अशा एका मंगळवारी सकाळी ती मागच्या गल्लीतल्या पाच मजली इमारतीत गेली. तिसऱ्या मजल्यावर लांबलचक गॅलरी होती आणि गॅलरीत ओळीनं दारं. चौथं दार सताड उघडं, आणि उंबऱ्यालाच चिकटून शिवणाचं मशीन मांडलेलं. आतल्या खोलीत दिवसाही दिवा लावावा लागे, म्हणून घरातली बाई उजेडासाठी दारात बसून शिवायची. गिऱ्हाइकं गॅलरीतच उभी राहून कपडे द्यायची, मापं द्यायची. बाई विधवा होती, पन्नाशीच्या आतबाहेर. सगळी इमारत तिला मावशी म्हणायची, म्हणून हिनंही तेच सुरू केलं.

मावशीला एकच मुलगी, एकोणीस वर्षांची. तिला घरात आणि दारात भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी ठरतच नसे. बोलता बोलता चहा टाकायची, चहा उकळेपर्यंत वेणी घालायची, वेणी अर्धी असताना पुस्तक शोधायची. रक्त तपासायच्या प्रयोगशाळेतलं काम ती शिकत होती, दुसरं वर्ष चाललं होतं.

तक्ता बघून तीच आधी म्हणाली, "गॅस गीझरचं तेवढं नीट सांगा. आमच्याकडे आहे."

न्हाणीघर दोन पावलांचं. भिंतीवर गीझर, आणि त्याच्या वर जिथे झरोका असायला हवा तिथे विटांचं चौकोनी ठिगळ, वरून गिलावा केलेला.

"हा बुजवला कुणी?"

"मालकानं," मावशी म्हणाली. "मागच्या अंगाला त्यांनी वाढीव खोल्या काढल्या ना, तेव्हा या बाजूचे सगळेच बुजवले. आम्ही तर खूशच होतो. कबुतरांचा ताप गेला."

खिडकीबाईनं गीझर पेटवला, पाणी सोडलं, मीटर फळीवर ठेवलं आणि दार लावून तिघी बाहेर उभ्या राहिल्या. मावशी कुणाच्या तरी झग्याला काजं करत होती. सहाव्या मिनिटाला मीटर ओरडायला लागलं. तिसाच्या वर आकडा गेला की ते ओरडतं, तशी त्याची रचनाच होती. तिनं दार उघडून पाहिलं तर आकडा एकशे साठ होता.

"आंघोळीनंतर डोकं दुखतं का गं तुझं?"

"दुखतं. मळमळतंही कधी कधी. मला वाटायचं केस ओले राहतात म्हणून."

"मी तर रोज बोलते तिला, केस नीट पुसत जा," मावशी म्हणाली.

भिंगरी मीटरकडे बघत राहिली. बहुधा सकाळपासून पहिल्यांदाच ती स्वस्थ उभी होती. "हे आम्हाला शिकवलंय," ती म्हणाली. "कार्बन मोनॉक्साइड. रक्तात प्राणवायूची जागा असते ना, तिथे हा जाऊन बसतो आणि उठतच नाही. एखादा पाहुणा असतो ना तसा. वास नाही, रंग नाही. माणसाला कळतसुद्धा नाही."

"मग दार किलकिलं ठेवून आंघोळ करायची."

"बाई, समोर बघा." तिनं हात केला. न्हाणीघराच्या दारासमोर घराचं दार, त्यात मशीन, मशीनपलीकडे गॅलरी. त्या क्षणी दोन पुरुष बोलत बोलत तिथून गेले आणि सवयीनं आत डोकावले. "तुम्ही कराल इथे दार उघडं टाकून आंघोळ?"

खिडकीबाई हसली. हसली, ते तिला पुढे फार आठवलं. "अगं, फटीपुरतं. आतून पडदा लाव."

"पडदा काय, आई उभ्या उभ्या शिवून देईल," असं म्हणून भिंगरीनं फॉर्म ओढून घेतला आणि झोकदार सही ठोकली.

गीझर आजच बंद कर, असं तिथेच सांगावं, असं खिडकीबाईच्या मनात आलं होतं. पण प्रशिक्षणात त्यांना बजावून सांगितलेलं होतं की लोकांना घाबरवायचं नाही. घाबरलेला माणूस पुढच्या वेळी दार उघडत नाही. सोप्या, जमण्यासारख्या गोष्टी सांगायच्या. तेव्हा तोंडानं तिनं पत्रकातलं सांगितलं आणि मनातलं शेऱ्यात लिहिलं: 'झरोका बाहेरून बुजवलेला. मीटर १६०. दार उघडं ठेवणं अडचणीचं. मालकाकडून झरोका उघडून घ्यावा, तोवर गीझर बंद करावा.' जागा संपत आली तशी अक्षरं मुंगीएवढी झाली. त्याच बाजूची आणखी चार घरं तिनं पाहिली. चारही ठिकाणी तेच ठिगळ.

दुसऱ्या दिवशी ती फॉर्म घेऊन पर्यवेक्षक साहेबांपुढे उभी राहिली. साहेब माणूस वाईट नव्हता. त्याच्या टेबलावर अकरा जणींचे गठ्ठे आणि डोक्यावर वरच्यांचे फोन, एवढंच.

"शेरा संगणकात चढत नाही हो, बाई," तो म्हणाला. "तिथे रकानाच नाही त्याला."

"मग फॉर्मवर कशाला छापलाय?"

"जुना नमुना आहे. हे बघा, आपलं काम जागृती. भिंती, झरोके हे इमारत खात्याचं. तुम्हाला फारच वाटत असेल तर त्यांना लिहा. पण साध्या कागदावर. आपल्या खात्याचा शिक्का नको, नाही तर मला उत्तरं देत बसावी लागतील."

तिनं साध्या कागदावर लिहिलं. जेवणाच्या सुट्टीत दोन रस्ते ओलांडून इमारत खात्यात गेली. तिथल्या लेखनिकानं कागद खालीवर करून पाहिला.

"हे आरोग्याचं आहे ना?"

"भिंतीचं आहे."

"मग मालकानं अर्ज करायला हवा."

"भिंत मालकानंच बांधलीय. तो कशाला अर्ज करेल?"

लेखनिकानं खांदे उडवले, पण पोच दिली. तो शिक्क्याचा कागद तिनं वहीत ठेवला आणि पुढच्या आठवड्यापासून तिला दुसरा भाग मिळाला. त्यानंतर दोनदा ती त्या गल्लीवरून गेली. वर जाऊन यावं असं दोन्ही वेळा वाटलं आणि दोन्ही वेळा तिला घाई होती.

एकविसाव्या दिवशी, सोमवारी सकाळी, साहेबांनी तिला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"मागच्या गल्लीतली पाच मजली, ती तुमचीच ना? तिसरा मजला, शिवणवाली बाई?"

"हो. का?"

"मुलगी गेली काल. न्हाणीघरात." तो घाईघाईनं पुढे बोलत सुटला. "मी लगेच फॉर्म शोधायला लावला. सापडला. सही आहे, तारीख आहे. सगळं आहे. वाचलो आपण."

ती खुर्चीत बसली. साहेबांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला.

दुपारी ती गेली. मशीन आत भिंतीशी सरकवून त्यावर चादर टाकलेली होती, त्यामुळे दार विचित्र मोकळं दिसत होतं. गॅलरीत बांबू बांधलेले आणि अर्ध्या भिंती पांढऱ्या झालेल्या. शेजारच्या बायका उठून गेल्या आणि मावशी तिला स्वतःहून सांगायला लागली. एखादं काम समजावून सांगावं तशी, सावकाश.

"पडदा शिवला होता मी. दोन दिवसांतच. ती बारा-पंधरा दिवस दार किलकिलं ठेवूनच आंघोळ करायची. मी मशीनवरून उठायचे नाही तेवढा वेळ, पाठ करून बसायचे, कुणी डोकावू नये म्हणून. मग मालकानं रंगकाम काढलं. काल तीन रंगारी आमच्या दारातच फळीवर चढलेले. रविवार, केस धुवायचा वार. ती म्हणाली, आई, आज दार लावते, पाचच मिनिटं. मी म्हटलं, लाव."

ती थांबली. मग पुन्हा म्हणाली, "मी म्हटलं, लाव."

खिडकीबाई तिच्याजवळ सरकली.

"पाण्याचा आवाज येत होता ना, म्हणून मी निर्धास्त. किती वेळ झाला कळलंच नाही. मशीन चालू होतं. त्या रंगाऱ्यांनीच दार तोडलं, बिचाऱ्यांनी. बाई, तिचे गाल गुलाबी होते हो. इतकी छान तर ती कधीच दिसली नव्हती. मी म्हटलं चक्कर आलीय, कांदा आणा, कांदा फोडा." तिनं हिच्याकडे पाहिलं. "तुम्ही तर सांगितलंच होतं."

खिडकीबाई शिव्या ऐकायच्या तयारीनं गेली होती. शिव्या पचल्या असत्या. हे पचेना.

वर्तमानपत्रांत बातमी आली. त्या थंडीत शहरात अशा प्रकारची ती सातवी मुलगी होती. ओरड झाली, आणि चौकशी समिती नेमली गेली. तीन माणसं, अध्यक्ष एक निवृत्त न्यायाधीश. साहेबांनी खिडकीबाईला बोलावून काय सांगायचं ते सांगितलं: घरी गेले, माहिती दिली, सही घेतली. "विचारतील तेवढंच बोला. पुढच्या महिन्यात कायम करायच्या सेविकांची यादी जातेय. तुमचं नाव दुसरं आहे."

नवरा बसच्या डेपोत फिटर होता, स्वभावानं सरळ. तो म्हणाला, "तू बोललीस तर पोर परत येणार आहे का? नाही ना? मग गप बस. आठ वर्षं कंत्राटावर राबलीस."

"मी लिहिलं होतं अहो, शेऱ्यात. गीझर बंद करा असं लिहिलं होतं."

"मग लिहिलंस ना? तुझं काम तू केलंस."

"लिहिलं. तिला सांगितलं नाही."

सासू कोपऱ्यात बसून ऐकत होती. ती म्हणाली, "पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, हे तुला मीच शिकवलं सूनबाई. पण मासा पोरी गिळायला लागला, तर पाण्यात राहायचं तरी कशाला?" एवढं बोलून ती कुशीवर वळली.

सुनावणीच्या खोलीत पन्नासेक माणसं होती. मावशी दुसऱ्या रांगेत, मांडीवर पिशवी घेऊन बसलेली. मालक पहिल्या रांगेत होता. वाळलेला, पिकल्या केसांचा, हात सारखे एकमेकांत गुंफणारा माणूस. तो म्हणाला की आपण कुणाचं वाईट चिंतलं नाही, गीझर भाडेकरूंनीच मागितले, खोल्या काढल्या त्याला कुणी हरकत घेतली नाही. त्याला जे वाटत होतं तेच तो बोलत होता, हे दिसत होतं.

मग त्याचा वकील उठला. त्याच्या हातात तो फॉर्म होता.

"ही सही मयत मुलीचीच?" त्यानं खिडकीबाईला विचारलं.

"हो."

"तुम्ही तिला धोका समजावून सांगितला?"

"सांगितला."

"तिला समजला?"

"माझ्यापेक्षा जास्त समजला. ती रक्त तपासायचं शिकत होती. तिनंच मला समजावलं."

वकील समितीकडे वळला. "म्हणजे पूर्ण कल्पना असताना मुलीनं दार बंद केलं. यात माझ्या अशिलाचा दोष कुठे येतो?"

तो बसायला लागला. खिडकीबाई उभीच होती.

"झालं तुमचं, बाई," साहेब मागून हळूच म्हणाले.

"नाही झालं." तिचा आवाज एरवी दोन जिन्यांवर ऐकू जायचा, आज अध्यक्षांना कानामागे हात धरावा लागला. "तिला समजलं होतं. समजून ती काय करणार होती? झरोका तिनं बुजवला नव्हता. भिंत फोडायची तिला परवानगी नव्हती. समोर तीन परके पुरुष फळीवर उभे होते. आम्ही तिला सगळं सांगितलं आणि तिच्या हातात एक फट दिली. आणि आता तुम्ही म्हणताय, तिला माहीत होतं. माहीत असणं हाच तिचा गुन्हा का?"

"बाई, प्रश्नापुरतं..." वकील म्हणाला.

"बोलू द्या," अध्यक्ष म्हणाले.

"त्या कागदाच्या खालची ओळ कुणी वाचली नाही. मी लिहिलंय, गीझर बंद करा. कागदावर लिहिलं, पण तिच्या तोंडावर नाही सांगितलं, कारण लोकांना घाबरवायचं नाही असं आम्हाला शिकवलंय. ती चूक माझी. ती मी कबूल करते." तिनं वहीतून पोच काढली. "आणि हे इमारत खात्याला दिलेलं पत्र. अठरा दिवस आधी दिलेलं. यावर कोण आलं होतं बघायला?"

इमारत खात्यानं आधी सांगितलं की असं पत्र आलेलंच नाही. पोचेवरचा क्रमांक पाहिल्यावर दुपारी ते सापडलं. त्यावर कोपऱ्यात कुणीतरी लिहिलं होतं, 'आरोग्याशी संबंधित. माहितीस्तव. दप्तरी दाखल.'

मावशी सगळा वेळ ताठ बसून होती. बाहेर पडताना ती खिडकीबाईजवळ आली. सगळ्यांना वाटलं, ही आता हिच्या गळ्यात पडून रडेल. ती एवढंच म्हणाली, "तुम्ही बंद कर म्हणाला असता तर तिनं केला असता. हट्टी होती, पण ऐकायची." आणि जिना उतरून गेली. ती खरं बोलली होती, म्हणून खिडकीबाईला तिचा रागही येईना.

अहवाल चार महिन्यांनी आला. नियम झाला: बाहेर हवा जायला वाट नसेल तिथे गॅसचा गीझर बसवता येणार नाही. पण हा नियम नव्या इमारतींना, आणि तोही पुढल्या वर्षापासून. जुन्या इमारतींच्या मालकांना विनंती करण्यात आली होती. वाढीव खोल्यांविषयी अहवालात एक ओळसुद्धा नव्हती. शेवटची शिफारस मात्र ठळक होती: जनजागृती अधिक व्यापक करावी. त्याप्रमाणे पत्रकं दुप्पट छापली गेली, बसथांब्यांवर फलक लागले, आणि फॉर्मचा नवा नमुना आला. त्यात एकाऐवजी दोन सह्या होत्या, आणि शेऱ्याची जागा काढून टाकलेली होती.

खिडकीबाईच्या हाती तो नमुना आलाच नाही. कार्यक्रमाची पुनर्रचना झाली, त्यात तिचं कंत्राट संपलं. साहेबांनी निरोपाच्या वेळी नजर वर केली नाही. तिला औषधांच्या गोदामात खोकी बांधायचं काम मिळालं. पत्र्याचं छप्पर, एकच दार.

त्या पाच मजली इमारतीच्या मालकानं बदनामीच्या धास्तीनं सगळे गीझर काढून नेले. झरोके तसेच राहिले. लोक शेगडीवर पातेली ठेवून पाणी तापवायला लागले. चौथ्या मजल्यावरच्या एका बाळंतिणीनं गॅलरीतूनच मावशीला ऐकवलं, "तुमच्यामुळे आमचं गरम पाणी गेलं." मावशीनं मान खाली घातली आणि शिवत राहिली. मशीन तिनं पुन्हा दारात मांडलं होतं, कारण आतल्या काळोखात सुई दिसत नव्हती.

एका सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी, मावशी खिडकीबाईचं घर शोधत आली. सासूनं तिला पाणी दिलं, खिडकीजवळची खुर्ची दिली. मावशी इकडचं तिकडचं काही बोलली नाही.

"आमच्यासारखी न्हाणीघरं आणखी किती पाहिलीत तुम्ही?"

खिडकीबाईनं वही काढली. दोघींनी मिळून मोजली. त्रेसष्ट.

"त्यांना कुणी सांगितलंय?"

"मी सांगितलंय. दार किलकिलं ठेवा म्हणून."

मावशी उठली. "चला मग."

तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी दोघी बाहेर पडायच्या. तक्ता नाही, पत्रक नाही. खिडकीबाई दार वाजवायची, आणि दार उघडलं की मावशी बोलायची. तिचं बोलणं प्रत्येक वेळी तेच असायचं. "माझी मुलगी एकोणीस वर्षांची होती. तिला सगळं माहीत होतं. तुमचा गीझर आज बंद करा, उद्या नको." एकीनं तिथल्या तिथे जाऊन नळी काढून आणून दाखवली. एकीचा नवरा हातोडा घेऊन झरोकाच फोडायला लागला, आणि पलीकडून मालकाची माणसं ओरडत आली. एका इमारतीत त्यांना जिन्यावरूनच हाकललं. "तुम्ही कोण? कुठल्या खात्याच्या? ओळखपत्र दाखवा." ओळखपत्र कुठलं असणार? एका शिकलेल्या बाईनं हात जोडून सांगितलं, "दिवसभर उभी असते हो मी कामावर. गरम पाणी हे एकच सुख आहे माझं. ते मागू नका." तिनं दार लावल्यावरही मावशी तिथे बराच वेळ उभी राहिली, पण ते पुन्हा उघडलं नाही.

पुढची थंडी येईपर्यंत त्रेसष्टपैकी एकेचाळीस गीझर बंद झाले होते. नवरा रात्री वही बघून म्हणाला, "एकेचाळीस म्हणजे कमी नाही गं." तो मनापासून म्हणाला. तीही मान हलवून 'हो' म्हणाली. उरलेली बावीस घरं तिला पाठ होती.

आणि मग एका सकाळी गोदामात खोकी बांधताना कुणीतरी बातमी मोठ्यानं वाचली. नदीपलीकडच्या भागात, नवं लग्न झालेली दोघं. दार आतून बंद. पाणी चालू.

तो भाग तिच्या वहीत नव्हताच. तिकडे ती कधी गेली नव्हती.

तिनं अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली आणि तडक मावशीकडे गेली. मावशी कुणाच्या तरी शाळेच्या गणवेशाला पट्टी घालत होती. तिनं ऐकलं, दात लावून दोरा तोडला आणि गणवेश घडी करून बाजूला ठेवला. मावशीच्या डोळ्यांना पाण्याची धार लागली होती आणि ती पुसत नव्हती.

"आपण गेलो असतो तर?" ती म्हणाली.

"आपल्याला माहीत नव्हतं, मावशी."

"ते खरं." मग पदरानं तोंड पुसून तिनं विचारलं, "तिकडे घरं किती असतील?"

"हजारांनी असतील. दोन माणसांचं काम नाही ते."

"मग ज्यांचं आहे ते करतायत का?"

तासाभरानं दोघी पूल ओलांडून त्या गल्लीत पोचल्या. ज्या घरातली दोघं गेली होती त्याला कुलूप होतं आणि दाराशी चपलांचे दोन जोड तसेच होते. मावशी त्यांच्याकडे बघून थबकली. मग शेजारचं दार वाजवलं. एक तरुण बाई बाहेर आली, कडेवर झोपाळू मूल.

मावशीनं तेच सांगितलं, पण या वेळी तिचा आवाज मध्येच फुटला आणि तिला भिंत धरावी लागली. पुढचं वाक्य खिडकीबाईनं पुरं केलं. "बंद करा. आत्ता. आम्ही इथेच उभ्या आहोत."

बाई दोघींकडे आळीपाळीनं बघत राहिली. "घरमालकांना विचारून सांगते," ती म्हणाली, आणि दार ओढून घेतलं.

त्या दिवशी अंधार पडेपर्यंत त्यांनी चौदा दारं वाजवली. नऊ उघडली. सहा जणींनी गीझर बंद केला. परत येताना पुलावर मावशीला दम लागला, म्हणून त्या कठड्याला टेकून थांबल्या. पुढच्या सुट्टीला कुठल्या टोकापासून सुरुवात करायची, ते तिथेच ठरवून मग त्या उठल्या.